गाडी जुनी, इंजिन कोणते?

कलाशाखेच्या वार्षिकात इंजिनाचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु जुनी वस्तू दुरुस्त करताना तिच्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा प्रश्न केवळ मेस्त्रीचा नाही. देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्याला तो पडतो, तसाच जुन्या पोथीचा पाठ ठरवणाऱ्यालाही पडतो. अमेरिकेतील जुन्या ‘मसल कार’ बाळगणाऱ्या हौशी लोकांपुढे तो अगदी रोकड्या स्वरूपात उभा राहतो. मूळ इंजिन निकामी झाले आहे. मग त्या जागी कोणते बसवायचे?

प्रथम मसल कार म्हणजे काय ते पाहू. १९६०च्या सुमारास जनरल मोटर्स या अवाढव्य कंपनीचा एक अंतर्गत नियम होता. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. तिच्याच पाँटिअ‍ॅक विभागातील मंडळींनी १९६४ साली यातून पळवाट काढली. टेम्पेस्ट या मध्यम गाडीत त्यांनी मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले. पण नवे मॉडेल म्हणून नव्हे, तर गिऱ्हाइकाने मागितल्यास मिळणारी जादा सोय म्हणून. तिचे नाव जीटीओ. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या आणि इतर कंपन्याही त्या शर्यतीत उतरल्या. पुढे १९७०चा हवा शुद्धतेचा कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३चे तेलसंकट यांनी हा जोर ओसरला. राहिल्या त्या गाड्या, आणि त्यांच्यावर जीव टाकणारी माणसे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कुणाला एका जुन्या कोठारात १९६९ सालची शेव्हरोले कॅमॅरो मिळाली. सांगाडा बरा आहे, पण इंजिनाचा ब्लॉक फुटलेला आहे. थंड मुलखात हे नेहमी घडते. ब्लॉकमधले पाणी हिवाळ्यात गोठते, बर्फ होताना फुगते आणि बिडाची भिंत तडकते. अशा वेळी नवा मालक हटकून पहिला प्रश्न विचारतो, ‘सर्वांत जास्त ताकदीचे इंजिन कोणते?’ आणि येथेच तो चुकतो. पहिला प्रश्न इंजिनाचा नव्हेच. गाडी कशासाठी हवी, हा पहिला प्रश्न. प्रदर्शनात मांडायची आहे, रविवारी घरच्यांना घेऊन फिरायला जायचे आहे, की पाव मैलाच्या सरळ पट्टीवर शर्यत लावायची आहे? या तीन हेतूंची उत्तरे तीन वेगळी आहेत.

प्रदर्शनासाठी गाडी हवी असेल, तर मूळ इंजिनाला पर्याय नाही. ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकातील शेवटचे आकडे ठोकलेले असतात. ते सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळले तर जाणकार त्या गाडीला अस्सल मानतात आणि तिची किंमत पुष्कळ वाढते. ब्लॉक फुटला म्हणजे सारे संपले असेही नाही. बिडाची चीर धातूच्या खिळ्यांनी शिवता येते. झिजलेले सिलिंडर किंचित मोठे कातून त्यांत नव्या मापाचे पिस्टन बसवता येतात, किंवा आत नवी स्लीव्ह घालता येते. काम वेळखाऊ आणि खर्चाचे. पण वस्तूची ओळख टिकते.

गाडी चालवायची असेल, तर त्याच कुळातले दुसरे इंजिन शोधणे सोपे. शेव्हरोलेचे ‘स्मॉल ब्लॉक’ कुळ १९५५च्या मॉडेलांत २६५ घनइंचांपासून सुरू झाले. त्यातले प्रसिद्ध ३५० घनइंचांचे इंजिन १९६७ साली प्रथम कॅमॅरोतच आले. हा आकडा येतो कोठून? सिलिंडरचा व्यास ४ इंच आणि पिस्टनची धाव ३.४८ इंच. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला धावेने गुणावे, पुन्हा आठ सिलिंडरांनी गुणावे, की साधारण ३५० येतात. आपल्या हिशेबाने ५.७ लिटर. हे इंजिन मूळच्याच आधारांवर बसते, गिअरबॉक्सला जुळते आणि त्याचे सुटे भाग अमेरिकेत कोठेही मिळतात. कंपनी अशी नवी इंजिने खोक्यात घालून आजही विकते.

तरीही डोळे झाकून घेऊ नये. १९८६ सालापासून या इंजिनाच्या मागच्या टोकाचे तेल अडवणारे सील दोन तुकड्यांऐवजी एकसंध झाले, आणि त्याबरोबर मागची बैठकही बदलली. जुने फ्लायव्हील त्यावर बसत नाही. कॅमचेही तसेच. जुन्या पद्धतीचा कॅम सपाट तळाच्या टॅपेटवर घासत फिरतो आणि त्याला तेलातील जस्ताचे संयुग लागते. आजच्या बऱ्याच तेलांत ते कमी केलेले असते. चुकीचे तेल घातले तर नव्याकोऱ्या इंजिनाचा कॅम थोड्याच दिवसांत झिजून जातो. शिवाय अमेरिकेत १९९६पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल बंद आहे. ते शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करी. म्हणून जुने हेड वापरायचे तर त्यात कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्या लागतात.

तिसरा मार्ग मोठ्या ब्लॉकचा, म्हणजे ३९६ घनइंच व त्यावरचा. कंपनी स्वतःही कॅमॅरोत तो देत असे, म्हणून परंपरेला सोडून नाही. पण तो स्मॉल ब्लॉकपेक्षा सुमारे ५० किलो जड, आणि ते सगळे वजन पुढच्या चाकांवर. सरळ रस्त्यावर गाडी उसळते. वळणावर मात्र तिचे तोंड जड लागते.

चौथा मार्ग आज सर्वांत लोकप्रिय आहे. १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने एलएस-१ हे ५.७ लिटरचे नवे इंजिन आणले. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून हलका. ताकद ३४५ अश्वशक्ती. थंडीत पहिल्या फिरकीला सुरू होते, घाट चढताना हवेप्रमाणे पेट्रोल आपोआप बेतते आणि पेट्रोलही कमी पिते. पण ते एकटे येत नाही. कार्बुरेटरला पाच-सात पौंड दाबाचे पेट्रोल पुरते. याला सुमारे ५८ पौंड दाब लागतो. म्हणजे पंप बदला, नळ्या बदला, टाकीतही फेरफार करा. आधार वेगळे, तेलाचे भांडे पुढच्या आडव्या पट्टीला अडते, आणि वर संगणक, संवेदक व वायरींचे जाळे. इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून खूश झालेला मालक या किरकोळ सामानाच्या याद्या करता करता थकतो. अर्धवट सोडलेल्या कितीतरी गाड्यांची कहाणी याच पायरीवर अडलेली असते.

विजेची मोटर हा पाचवा मार्ग. फोर्ड कंपनीने २०२१ साली अशा जुन्या गाड्यांसाठी २८१ अश्वशक्तीची मोटर सुटी विकायला काढली. मोटर लहान असते. अडचण बॅटरीच्या वजनाची आणि ती ठेवायच्या जागेची. आणि व्ही-8चा आवाज गेला तर उरले काय, असे विचारणारेही पुष्कळ आहेत.

येथे आकड्यांविषयी सावध केले पाहिजे. १९७१पर्यंत अमेरिकन कंपन्या जी अश्वशक्ती जाहिरातीत छापत, ती नुसते इंजिन घोडीवर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे ओझे न लावता मोजलेली असे. १९७२पासून गाडीत बसल्यावर जशी असतात तशी सर्व उपांगे लावून मोजू लागले. म्हणून कॉर्व्हेटचे साधे ३५० इंजिन १९७१ साली २७० अश्वशक्तीचे होते, ते १९७२ साली कागदोपत्री २०० अश्वशक्तीचे झाले. इंजिन जवळजवळ तेच; फक्त माप बदलले. तेव्हा जुन्या जाहिरातीतील ‘३००’ आणि नव्या इंजिनाचे ‘३४५’ यांची तुलना म्हणजे शेर आणि किलो एकाच तागडीत तोलणे होय.

दुसरे असे की, ताकद वाढली की बाकीच्या अवयवांवर तिचा ताण येतो. १९६९च्या कॅमॅरोला चारही चाकांना ड्रम ब्रेक ही साधी व्यवस्था होती. पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे देऊन मिळत. मागचा अ‍ॅक्सल, पाटे, रेडिएटर हे सगळे मूळ इंजिनाच्या मापाने बेतलेले. शर्यतीचा तिखट कॅम घातला तर इंजिन उभ्या गाडीत अडखळत चालते आणि त्याची निर्वात ओढ घटते. त्या ओढीवरच पॉवर ब्रेक चालतात. म्हणजे हौसेने वेग वाढवला आणि त्याच हौसेने थांबण्याची शक्ती कमी केली! हौसेला मोल नसते हे खरे, पण अंथरूण पाहून पाय पसरावे हेही तितकेच खरे. म्हणून खर्चाचा अंदाज करताना आधी ब्रेक, मग अ‍ॅक्सल आणि पाटे, मग रेडिएटर, आणि उरेल त्यात इंजिन, असा क्रम धरावा.

कायद्याचाही विचार हवा. कॅलिफोर्निया राज्यात १९७५पर्यंतच्या पेट्रोल मॉडेलांना नियमित धूर-तपासणीतून सूट आहे. म्हणून १९६९ची गाडी सुटते. आपल्याकडे नोंदणीपुस्तकात चेसिस आणि इंजिन असे दोन्ही क्रमांक लिहिलेले असतात. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणे आपल्या गॅरेजवाल्यांना नवे नाही. पण तशी नोंद करून घेतली नाही तर गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी होते.

मग अस्सलपणाचे काय? या बाबतीत आपल्या अजिंठ्याकडून शिकण्यासारखे आहे. १९२०-२२च्या सुमारास निजाम सरकारने तेथील चित्रांच्या रक्षणासाठी इटालियन तज्ज्ञ बोलावले. चित्रांवर लावलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि तो काढणे अवघड होऊन बसले. हेतू चांगला होता, पण केलेली गोष्ट परत फिरवता येत नव्हती. तेव्हा कॅमॅरोच्या मालकाने एवढे पथ्य पाळावे: इंजिन कोणतेही बसवा, पण सांगाडा कापू नका, आधार बोल्टने लावा, वेल्डिंगने नको, आणि फुटका का होईना, मूळ ब्लॉक तेल लावून कोपऱ्यात जपून ठेवा. म्हणजे उद्या पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात आणायची झाली, तर तो दरवाजा उघडा राहील.

‘इंजिन बदलले की गाडी मेली’ असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. पहिली जीटीओ जन्मली तीच मुळी नियमाने नाकारलेले इंजिन मध्यम गाडीत बसवल्यामुळे. या गाड्यांची परंपराच बदलाची आहे. प्रश्न बदलावे की न बदलावे हा नाही. जे करतो आहोत त्याचा हेतू आपल्याला ठाऊक आहे का, आणि आपल्यामागून येणाऱ्याला आपली चूक दुरुस्त करता येईल का, एवढेच पाहायचे. जुन्या वस्तूचा मालक हा खरे तर तिचा काही काळचा राखणदार असतो.