आधी चावी दाखवा, मग दार उघडा!

सस्पेन्स शॉर्ट फिल्म करताय? कॅमेऱ्याआधी वही घ्या. प्रत्येक शॉटपुढे लिहा: या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि पात्राला काय?

हिचकॉकच्या 'नटोरियस'मधला (१९४६) पार्टीचा शॉट बघाच. कॅमेरा उंचावरून अख्खा हॉल दाखवतो आणि मध्ये कुठेही कट न घेता खाली उतरत इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीपाशी येतो. मुठीत तळघराची चावी! पाहुणे गप्पांत दंग, आपला जीव मात्र टांगणीला.

असा ताण घरच्या घरीही जमतो, क्रेन लागत नाही. समजा, एक मुलगी स्वयंपाकघरात एकटी आहे:

१. वाइड: ती ओट्याशी, मागे लांबवर बंद दार.
२. क्लोजअप: दाराचं लॅच हळूच फिरतं.
३. मिड: ती पाठमोरी, चहा गाळतेय. हा शॉट लांबवा, खरा ताण इथेच आहे.
४. पुन्हा वाइड, पहिलीच फ्रेम: दार उघडं, माणूस कुणीच नाही.

पात्रं दोन असतील तर कॅमेरा त्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नजरा जुळतात.

आणि शूटच्या आदल्या दिवशी मोबाइलवर या चार शॉट्सचे फोटो काढून ओळीने बघा. गोष्ट आवाजाशिवाय कळली, तर प्लॅन पक्का!