‘स्टॉपगॅप’ : भगदाड आणि माणूस

‘स्टॉपगॅप’ हा इंग्रजी शब्द आपल्या कचेऱ्यांतील टिपणांत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही. येथे ‘स्टॉप’ म्हणजे थांबणे नव्हे, बुजविणे. आणि ‘गॅप’ म्हणजे भगदाड. पक्के बांधकाम होईतो भगदाडात जे कोंबायचे, ते स्टॉपगॅप. माणसाला हा शब्द लावला की तो दगडमातीच्या पंगतीला जाऊन बसतो. रजेवरील डॉक्टरच्या जागी येणाऱ्यास ‘लोकम’ म्हणतात. त्या मूळ लॅटिन संज्ञेचा अर्थ ‘जागा धारण करणारा’. तेथे निदान माणूस तरी दिसतो!

स्टॉपगॅप असण्यात कमीपणा मुळीच नाही. गुलझारीलाल नंदा १९६४ व १९६६ साली, दोन्ही वेळा तेरा दिवस, पंतप्रधानपदी होते. प्रश्न आहे तो मुदतीचा.

या बाबतीत आपला ‘बदली’ हा शब्द अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत गैरहजर कामगाराच्या जागी उभा राही तो बदली. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ साली हा शब्द जसाच्या तसा गेला, आणि वर्षभर सलग सेवा झालेल्यास बदली मानू नये, असे व्याख्येतच नमूद झाले. ही तरतूद ले-ऑफच्या भरपाईपुरती होती, हे खरे. पण शब्दालाच मुदत घालून देणारी व्याख्या विरळा.

‘स्टॉपगॅप’ला अशी मुदत नाही. महाराष्ट्रातील अभियंत्यांच्या ज्येष्ठतेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली सांगितले की, नियमांनुसार न झालेल्या, केवळ स्टॉपगॅप म्हणून केलेल्या नेमणुकीचा काळ ज्येष्ठतेसाठी धरता येणार नाही. मात्र नेमणुकीत कार्यपद्धती पाळली गेली नसली, तरी नियमानुसार कायम होईपर्यंत जो त्या जागेवर अखंड राहिला, त्याचा काळ धरावा, असेही त्याच निकालात आहे. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखायची यावर पुढे कितीतरी दावे लढले गेले. आदेशातील एका शब्दाने नोकरीची वर्षे हिशेबाबाहेर जाऊ शकतात.

महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना हे समजावून सांगावे लागत नाही. दर वर्षी नवी जाहिरात, नवा अर्ज, नवी मुलाखत. आणि भरायची जागा बहुधा गेल्या वर्षीचीच.