घड्याळ म्हणते चारशे उष्मांक जळाले. मग तेवढे खायचे का?

रियाधमधला उन्हाळा ओसरला की वादी हनीफाच्या पदपथांवर संध्याकाळी मराठी बोलणेही कानी पडू लागते. तिथे भेटणाऱ्या एका मित्राची तक्रार अशी, की तीन महिने रोज तासभर चालूनही त्याचे वजन दीड किलोने वाढले. खोलात शिरल्यावर कळले, की मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेले उष्मांक तो त्याच रात्री 'कमावलेले' समजून खजूर आणि घरून आलेल्या दिवाळीच्या फराळावर खर्च करीत होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला हा हिशेब महागात पडतो.

सौदी अरेबियात या हिशेबाचा मोह अधिक होतो. २०१९ पासून उपाहारगृहांना प्रत्येक पदार्थासमोर उष्मांक छापणे बंधनकारक आहे. खर्चाचा आकडा मनगटावर, जमेचा आकडा मेनूवर. वजाबाकी तेवढी आपण करायची! पण यांतला मनगटावरचा आकडा फारसा भरवशाचा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणे ६० जणांच्या मनगटांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी अचूक मोजले. उष्मांकांत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची चूकही सरासरी २७ टक्के होती, तर सर्वांत वाईटाची ९३ टक्के.

आता आकडा अगदी बरोबर आहे असे धरून चालू. ७० किलो वजनाचा माणूस ताशी ५ किलोमीटर वेगाने तासभर चालला, तर साधारण २४५ उष्मांक खर्च होतात. परंतु तोच तास तो खुर्चीत बसून राहिला असता, तरी सुमारे ७० खर्च झालेच असते. म्हणजे चालण्याची खरी कमाई १७५. याशिवाय शरीरही काटकसर करते. १,७५४ प्रौढांच्या मोजमापांवर आधारलेल्या २०२१ मधील एका अभ्यासानुसार, हालचालीवर होणाऱ्या जादा खर्चापैकी सरासरी २८ टक्के शरीर अन्यत्र बचत करून भरून काढते. उरले सव्वाशेच्या आसपास. मोठ्या मेजूल जातीच्या एका खजुरात सुमारे ६५ उष्मांक असतात. दोन खजूर आणि अरबी कहव्याचा एक पेला एवढ्यावर तासभराची चाल फिटते.

घामाने फसू नये. इथल्या उकाड्यात चालून आल्यावर काटा अर्धा-एक किलो कमी दाखवतो, पण ते पाणी असते आणि ते प्यायलाच हवे.

दुसरी चूक ॲपमध्ये माहिती भरताना होते. 'तुमची दिनचर्या कशी?' या प्रश्नाला 'सक्रिय' असे उत्तर दिले, की ॲप व्यायामाचा खर्च रोजच्या गरजेत आधीच मिळवते. त्यावर घड्याळाचे आकडे पुन्हा जोडले, तर एकच चाल दोनदा मोजली जाते. अशांनी वेगळे काही 'परत' खाऊ नये. 'बैठे काम' निवडलेल्यांनी, फार भूक लागली तर, दाखवलेल्या आकड्याच्या निम्म्यापर्यंत जावे, असे मला वाटते.

मात्र हा नियम सर्वांना लावणे अन्यायाचे ठरेल. रियाध मॅरेथॉनच्या तयारीसाठी ३० किलोमीटर धावणारी ७० किलोची व्यक्ती दोन हजारांहून अधिक उष्मांक खर्च करते; तिने ते भरून काढलेच पाहिजेत. सातत्याने कमी खाऊन जास्त धावल्यास हाडे कमकुवत होतात, स्त्रियांची पाळी अनियमित होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी तर व्यायामाआधी किंवा नंतरचे खाणे हा वजनाचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न असतो. त्यांनी घड्याळाला नव्हे, डॉक्टरांना विचारावे.

मित्राने आता घड्याळावरचा उष्मांकांचा आकडाच बंद केला आहे. दर शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी तो वजन करतो आणि चार आठवड्यांची सरासरी पाहूनच ताटात फेरबदल करतो. फराळाचा डबा वरच्या फळीवर गेला आहे. तो पूर्ण बंद झाला, असे मात्र त्याची पत्नी म्हणत नाही.