खंडाची जमीन : मालक आणि कूळ

जमीन एकाच्या नांवची व नांगर दुसऱ्याचा, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. तिजवर कायद्यानें कसकसा अंमल बसविला, हें प्रत्येक खातेदारानें जाणणें अगत्याचें आहे.

मुंबई इलाख्यांत 1939 च्या कायद्यानें, 1 जानेवारी 1938 पूर्वीं सतत सहा वर्षें जमीन कसणाऱ्या कुळास संरक्षण दिलें. 1948 च्या कायद्यानें खंडाची कमाल मर्यादा बागायतीस पिकाचा चौथा व जिराइतीस तिसरा हिस्सा ठरविली. पुढें 1956 च्या दुरुस्तीनें 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरून, त्या दिवशीं कसणारें कूळ कायद्यांतील अटींस अधीन राहून जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. मालक विधवा किंवा अज्ञान असल्यास ही खरेदी पुढें ढकलली गेली. मराठवाड्यास 1950 चा व विदर्भास 1958 चा निराळा कायदा आहे.

हेतु न्याय्य होता. परंतु 1957 नंतर लाविलेल्या कुळासही वर्षाचे आंत खरेदी मागण्याचा हक्क मिळाल्यामुळें मालकांनीं कागद करणेंच सोडलें. आतां सौदा तोंडी होतो व कसणारा वरचेवर बदलला जातो. पुढील सालीं शेत हातीं राहील कीं नाहीं याची खात्री नसतां बांधबंदिस्ती व शेणखत यांवर कोण खर्च करील? पीककर्ज मिळण्यास त्याचें नांव उताऱ्यावर नाहीं, आणि गारपिटीची मदत बहुधा मालकाच्या नांवें जाते. कित्येक मालक तर भीतीनें जमीन पडीकच ठेवितात. कसणाऱ्यासाठीं झालेला कायदा अशा रीतीनें कसणाऱ्यासच पारखा झाला आहे.

दप्तरांत नसलेली गोष्ट तंट्याचे वेळीं शाबीत करणें किती जड जातें, हें आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिलें आहे. म्हणून आमची सूचना अशी कीं, सातबारावरील कुळाचा व इतर हक्कांचा रकाना दरसाल वाचावा आणि खंडाची पावती उभयतांनीं जपून ठेवावी. कुळकायद्यानें मिळालेली जमीन विकत घेतांना खरेदीचें प्रमाणपत्र अवश्य पाहावें. 2014 च्या दुरुस्तीनें, खरेदीस दहा वर्षें झालीं असल्यास आकाराच्या 40 पट रक्कम भरून ती जमीन विकतां येते. तथापि इतर अटी पाळाव्याच लागतात.

मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्यास ठराविक मुदत, कर्ज व विमा मिळावा, असा नमुना कायदा नीति आयोगाच्या तज्ज्ञ समितीनें 2016 मध्यें सुचविला आहे. मालकाची भीति गेल्याखेरीज कुळाचें नांव कागदावर येणार नाहीं. सबब या दिशेनें कायद्यांत सुधारणा व्हावी, असें आमचें मत आहे.