मशीन पाणी का ओढत नाही?

चैत्र सरत आला होता. मोर्शीकडच्या एका गावात आमचा रात्रीचा वर्ग चालतो. वर्गात नेहमी पहिल्या ओळीत बसणारे एक कास्तकार भाऊ त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हीच त्यांच्या वावरात गेलो. पाहतो तर भाऊ विहिरीच्या काठावर डोक्याला हात लावून बसलेले.

"काय झालं भाऊ?"

"काय सांगू गुरुजी, मशीन पानीच नाई उचलत. मोटर फिरते, आवाज करते, पन पाइपातून नुसती हवा येते. चार दिवस झाले. झाडं पाहा, माना टाकून राह्यली."

भाऊंची संत्र्याची दोनशे झाडे. आंबिया बहार धरलेला. जानेवारी-फेब्रुवारीत फूल आले होते. आता झाडावर सुपारीएवढी फळे होती. या दिवसांत पाणी तुटले की फळ गळते. खाली सडा पडायला लागलाच होता. गावातल्या मिस्त्रीने सांगितले होते, "पंप गेला, नवा आणा." त्यासाठी वहिनींनी बकऱ्या विकायची तयारी केली होती.

आम्ही म्हटले, "बकऱ्या दोन दिवस राहू द्या. आधी पाहू तर खरं, खोट कुठं आहे ती."

आता वाचणाऱ्यांनो, खोट शोधायची तर मशीन पाणी वर आणते कसे, हे आधी कळले पाहिजे. आपण म्हणतो, मशीन पाणी ओढते. बोलायला ते ठीक आहे, पण खरे तसे नाही. दोर बांधून बादली ओढावी तसे पाणी ओढता येत नाही. पाण्याला धरणार कुठे?

एक सोपा प्रयोग करा. पपईच्या पानाचा देठ घ्या. तो आतून पोकळ असतो. दोन्ही टोके कापा, एक टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि दुसरे तोंडात धरून चोखा. पाणी वर येते. का येते? तोंडाने आपण देठातली हवा काढून घेतली. पण पेल्यातल्या पाण्यावर बाहेरची हवा दाबून बसलेलीच आहे. आत दाब कमी, बाहेर जास्त. मग बाहेरची हवा पाण्याला देठात वर लोटते. म्हणजे ओढणारे आपण नाही, लोटणारी हवा आहे.

हवेला वजन असते हे ऐकून नवल वाटेल. पण आपल्या डोक्यावर कित्येक कोस उंच हवेचा थर आहे. त्याचा भार एका बोटाच्या नखाएवढ्या जागेवर साधारण एक किलो पडतो. तो सगळीकडून सारखा पडतो, म्हणून आपल्याला जाणवत नाही.

आता त्याच देठाला मधोमध बाभळीच्या काट्याने एक भोक पाडा आणि पुन्हा चोखा. पाणी येत नाही, किंवा फुरफुर करत थोडे येते. भोकातून हवा आत शिरते आणि पाण्याची जागा घेते. आपले गावकरी म्हणतात ना, "मशीन हवा धरते", ते हेच.

भाऊंच्या आजीने हा प्रयोग दोनदा करून पाहिला. मग म्हणाल्या, "मंग तुमच्याबी नळीले कुठी काटा टोचला असंन." आजींना अक्षर ओळखता येत नाही. पण आमच्या मते अर्धे काम त्यांनी तिथेच केले.

विहिरीवरच्या मशीनचे पाहू. मशीनच्या पोटात एक पंखा असतो. तो जोराने फिरतो आणि पोटातले पाणी बाहेरच्या पाइपात फेकतो. पाणी गेले की तिथे पोकळी होते. मग विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवा खालच्या पाइपातून नवे पाणी वर लोटते. हा पंखा पाणी फेकू शकतो, पण नुसती हवा नीट फेकू शकत नाही. म्हणून सुरू करण्याआधी खालचा पाइप आणि मशीनचे पोट पाण्याने भरावे लागते. ते पाणी खाली पळून जाऊ नये म्हणून पाइपाच्या शेवटी एक झडप असते. तिला आपल्याकडे फुटवॉल म्हणतात. पाणी वर जाताना ती उघडते, खाली येऊ लागले की मिटते.

शहरातल्या घरांत केर ओढणारे विजेचे यंत्र असते. 1901 साली लंडनमध्ये बूथ नावाच्या माणसाने तसे यंत्र प्रथम चालवले. तेही पोकळी करते, आणि खोलीतली हवा केर घेऊन नळीत शिरते. त्या यंत्राचे ओढणे कमी झाले की शहरातला माणूस काय पाहतो? पिशवी भरली का, नळीत काही अडकले का, नळी फाटली का. आपल्या मशीनचेही तसेच आहे. अडले कुठे आणि फुटले कुठे, एवढेच पाहायचे. एक तिसरी गोष्ट मात्र विहिरीची खास आहे. ती पुढे येईल.

आम्ही आधी मोटरचे मेन स्विच बंद केले आणि फ्यूज काढून खिशात ठेवले. हे विसरायचे नाही. शेतीची लाइन पुष्कळदा अवेळी येते. हात पाइपात असताना कोणी स्विच दाबले तर काय होईल, ते सांगायला नको. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी स्विचला हात लावू नये.

पहिले काम, पाणी भरून पाहणे. भाऊंनी मशीनच्या तोंडातून घागरीने पाणी ओतले, काठोकाठ भरले, आणि आम्ही पाव तास बसून राहिलो. पाणी झरझर खाली गेले असते तर फुटवॉल गळतो असे समजलो असतो. झडपेत काडी, वाळू अडकते, नाही तर आतला रबराचा किंवा चामड्याचा वॉशर झिजतो. भाऊंचे पाणी जागचे फारसे हलले नाही. म्हणजे फुटवॉल चांगला होता.

इथे एक सांगतो. फुटवॉल गळू लागला की आपले लोक मशीनमध्ये शेणकाला ओततात. शेणातले तंतू फटीत जाऊन बसतात आणि झडप मिटते. आम्ही त्याला हसत नाही. रात्रीची लाइन आली आहे, दुकान बंद आहे, अशा वेळी ही युक्ती एक पाळी निभावून नेते. पण तोच शेणकाला पुढे जाळीत आणि पंख्यात अडकतो. ठिबकच्या नळ्या असतील तर त्यांची छिद्रे बुजतात. वॉशर थोड्या पैशात येतो, तो बदलावा.

दुसरे काम, जाळी. फुटवॉलच्या खाली जाळी असते. तिच्यावर पाला, शेवाळ, प्लास्टिकच्या पिशव्या येऊन बसतात. भाऊंनी दोराने पाइप हलवून पाहिला, वर घेतला. जाळी स्वच्छ होती. ती पाण्यात चांगली हातभर बुडालेली होती, हेही पाहिले. जाळी पाण्याच्या तोंडाशी आली की भोवरा पडतो आणि भोवऱ्यातून हवा शिरते.

पंखा उलटा फिरतो का, तेही पाहिले. तीन फेजच्या मोटरला तारा उलटसुलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो. मग आवाज येतो पण पाणी धड येत नाही. मशीनवर बाण काढलेला असतो. भाऊंचे मशीन बाणाप्रमाणेच फिरत होते. नसते फिरत तर तारा बदलायचे काम वायरमनचे, आपले नाही.

राहिली हवा. ती शोधायला वहिनींनी देवघरातली उदबत्ती आणली. सकाळची वेळ, वारा पडलेला. फ्यूज लावले, मशीन पाण्याने भरून सुरू केले. पहिले काही क्षण ते पाणी उचलते आणि मग सोडून देते. तेवढ्या वेळात उदबत्ती एकेका सांध्याजवळ धरली. मशीनच्या दांड्याभोवती दोरीचे पॅकिंग असते, तिथे धरली. धूर सरळ वर गेला. पाइपाच्या वाकणावर, म्हणजे एल्बोवर धरली, तर धूर वाकडा होऊन एल्बोच्या खालच्या अंगाला शिरू लागला! गंज खरडला, तर खाली केसाएवढी चीर. दोन थेंब पाणीही तिथे लोंबत होते. चार दिवस ते थेंब सगळ्यांनी पाहिले होते, पण कोणाला काही वाटले नव्हते. मोटर लगेच बंद केली. मशीन कोरडे फार वेळ फिरवू नये. पॅकिंग जळते आणि मग खरोखरच पंप जातो.

भाऊ म्हणाले, "पन ही चीर काही आजची नाई दिसत. हिवाळ्यात मशीन कसं चाललं मंग?"

प्रश्न फार चांगला होता. हिवाळ्यात विहिरीचे पाणी वर असते. थोडे उचलायचे असते, म्हणून पाइपातली पोकळी हलकी असते. बारीक चिरेतून थोडी हवा आली तरी भागते. उन्हाळ्यात पाणी खाली जाते. जितके खोल, तितकी पोकळी जास्त, आणि तितक्या जोराने हवा चिरेतून घुसते. हिवाळ्यात दडलेली खोट चैत्रात उघडी पडते ती अशी.

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून एल्बोवर घट्ट गुंडाळली, वरून तारेने आवळली. मशीन सुरू केले. पाणी आले! पण धार करंगळीएवढीच. वहिनींचा चेहरा पुन्हा उतरला.

इथे ती तिसरी गोष्ट येते. दोराला दगड बांधून आम्ही मशीनपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले. 27 फूट भरले.

हवा पाण्याला किती वर लोटू शकते, याला हद्द आहे. इटली देशात गॅलिलिओ नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी 1638 साली छापलेल्या ग्रंथात लिहिले की पंपाने पाणी एका ठरावीक उंचीच्या वर येत नाही, मग पंप कितीही चांगला असो. कारण त्यांना नीट उलगडले नव्हते. त्यांचे शिष्य तोरिचेल्ली यांनी 1643 च्या सुमारास पाऱ्याने भरलेल्या काचेच्या नळीवर प्रयोग करून दाखवले की हे काम हवेच्या वजनाचे आहे. त्या वजनाने समुद्रकाठी पाणी फार तर 34 फूट चढते. अमरावती-अकोल्याकडची जमीन समुद्रापेक्षा सुमारे हजार फूट उंच. म्हणून आपल्याकडे फूटभर कमीच. त्यात पाइपाची घासण, वाकणे, बारीक गळती. शेवटी हाती उरतात 20-22 फूट. त्याच्या पलीकडे मशीन रडतखडत चालते. दुप्पट ताकदीची मोटर आणली तरी उपयोग नाही, कारण लोटणारी हवा तेवढीच आहे.

कोणी म्हणेल, गावचा हापसा शंभर फुटांवरून पाणी कसा आणतो? हापशाचा दट्ट्या वर नसतो, तो खाली पाण्यात असतो आणि पाणी खालून उचलतो. बोअरमधली पाणबुडी मोटरही खालूनच ढकलते. ढकलायला ही हद्द नाही. वरून ओढायला आहे.

म्हणून उपाय एकच, मशीन पाण्याजवळ न्यायचे. भाऊंच्या विहिरीत दहा फुटांवर दगडाचा ओटा आहे. मोटर तिथे उतरवली तर ओढणे 17 फुटांचे राहते. बाकीचे पंखा वर ढकलतो.

तेवढ्यात शेजारचे एक बापू आले. ते म्हणाले, "लाइनीचा काय भरोसा? माह्यं डिझेल इंजिन घ्या, थेच उतरवा ओट्यावर."

आम्ही आणि भाऊ एकदमच "नाही" म्हणालो. हा शब्द वाचणाऱ्यांनी पक्का ध्यानात ठेवावा. इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीच्या तोंडातून तो लवकर निघून जात नाही. आत उतरलेल्या माणसाला आधी चक्कर येते, मग पायातले बळ जाते, आणि त्याला ओरडताही येत नाही. वरचा भाऊ त्याला काढायला उतरतो. तोही पडतो. मग मुलगा उतरतो. एका घरातली दोन-तीन माणसे एकाच विहिरीत गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशाच असतात.

जुने लोक विहिरीत कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर आत श्वासापुरता प्राणवायू नाही, कोणी उतरू नये. ही रीत चांगली आहे. पण इंजिनाच्या धुराच्या विषाने कंदील विझत नाही. तो जळत राहतो आणि माणूस मरतो. म्हणून इंजिन चाललेल्या विहिरीत कंदिलावर विसंबू नये. उतरायचेच तर कमरेला दोर हवा, आणि वर दोन धडधाकट माणसे हवीत. खालचा बोलेनासा झाला तर दोराने वर खेचावे. मागोमाग उतरू नये.

बापूंना ते पटले. ते इंजिन आणायचे सोडून दोर आणायला गेले.

दुपारी मोर्शीहून नवा एल्बो आणला, सफेदा आणि ताग लावून बसवला. भाऊ कमरेला दोर बांधून ओट्यावर उतरले. चार जणांनी मिळून मोटर खाली सोडली, नटबोल्ट आवळले. वायरमनने तार लांबवून दिली आणि अर्थिंगही तपासले. लाइन रात्री साडेअकराला आली. धार मनगटाएवढी पडली. भाऊ आणि वहिनी पहाटेपर्यंत आळ्यांना पाणी देत होते, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या वर्गालाही भाऊ आले नाहीत. आजी मात्र आल्या, आणि पपईचा देठ सोबत घेऊन आल्या.