नवउद्योगात पैसे गुंतविताना

‘स्टार्टअप’ हा शब्द आज सर्वांच्या कानी पडतो. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ उपक्रम सुरू केल्यापासून तो सर्वतोमुखी झाला. नोकरीतून निवृत्त झालेल्यांकडे अशा उद्योगांचे प्रस्ताव घेऊन लोक येतात. म्हणून या गुंतवणुकीचे स्वरूप सभासदांनी व विद्यार्थ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ही गुंतवणूक म्हणजे कर्ज नव्हे, मुदत ठेवही नव्हे. आपण पैसे देतो व कंपनीचे शेअर्स, म्हणजे मालकीचा हिस्सा घेतो. त्याला ठराविक व्याज नाही आणि तारणही नाही. कंपनी वाढली तर हिश्श्याची किंमत वाढते. बुडाली तर सर्व रक्कम जाते.

हिस्सा कसा ठरतो? समजा, कंपनीची किंमत ४० लाख रुपये ठरली व आपण १० लाख दिले. एकूण किंमत ५० लाख झाली, आपला हिस्सा २० टक्के. पुढे नवे शेअर्स काढून दुसऱ्या गुंतवणूकदाराला कंपनीचा २५ टक्के हिस्सा दिला, तर आपले २० टक्के १५ वर येतात. हा तोटाच असे नाही; त्या वेळी कंपनीची किंमत किती धरली, ते पाहावे.

२००४ साली पीटर थील यांनी फेसबुकमध्ये ५ लाख डॉलर घालून सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. २०१२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आल्यावर बहुतेक शेअर्स विकून त्यांना एक अब्ज डॉलरहून अधिक मिळाले. यशाला देखील आठ वर्षे लागली. उलट, घरपोच किराणा देणारी अमेरिकेतील वेबव्हॅन कंपनी नामांकित गुंतवणूकदार पाठीशी असूनही २००१ मध्ये बुडाली. म्हणूनच जाणकार सर्व रक्कम एकाच कंपनीत घालीत नाहीत.

पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. माल कोण विकत घेतो? दरमहा खर्च किती? शिल्लक पैसा किती महिने पुरेल? आणि आपले शेअर्स पुढे कोण विकत घेणार?

कंपनी कायदा, २०१३ नुसार खाजगी कंपनीला आम जनतेकडून भांडवल मागता येत नाही. निवडक व्यक्तींना लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. रक्कम रोखीने नव्हे, बँकेमार्फतच घ्यावी लागते. शेअर्स ६० दिवसांत द्यावे लागतात. जो रोख पैसे मागतो व दरमहा ठराविक परताव्याची हमी देतो, त्याला दारातूनच परत पाठवावे. मालकीच्या हिश्श्याला हमी नसते.

मुलांचे शिक्षण, आजारपण व घर यांसाठी राखलेला पैसा येथे घालू नये. विद्यार्थी मित्रांनी हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही शिकावा. अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी केंद्राने २०१५ मध्ये स्वतंत्र व्हेंचर कॅपिटल फंड सुरू केला. उद्या आपणच उद्योग उभारला, तर किती पैशांसाठी किती मालकी द्यावयाची, हे आपल्यालाच ठरवावे लागेल.