विमानाला चाके केव्हा बसवावीत?

गाडी भरताना माल मागे जास्त गेला तर गाडी उलाळ होते आणि पुढे जास्त आला तर धुरजड होते, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळे शिकवावे लागत नाही. जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसू लागला की तो आपोआप दोन पोती पुढे सरकवतो. पण हेच गाडीवानाचे शहाणपण विमानाच्या कामात उपयोगी पडते, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. २०१८ सालच्या जुलै महिन्यात ते मी डोळ्यांनी पाहिले.

माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. हे राज्य दुधासाठी आणि चीजसाठी नावाजलेले. जिकडे पाहावे तिकडे मक्याची शेते, कुरणे आणि चारा मुरवायचे उंच गोल मनोरे. माझी थोरली बहीण, दाजी आणि मी असे तिघे त्याच्याकडे महिनाभर गेलो होतो. दाजींचे वय तेव्हा ७८. जन्म शेतीत गेला. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी त्यांनी विहिरीखालचे दोन एकर रान विकले होते. त्याबद्दल घरात कधी शब्द निघाला नाही, पण भाच्याने ते मनात धरून ठेवलेले होते.

भाच्याच्या घराला लागून मोटार ठेवण्याची मोठी खोली आहे. मोटार बाहेर पावसात आणि खोलीत अर्धवट विमान, असा प्रकार! भिंतीला कापड गुंडाळलेले दोन पंख टेकवलेले आणि मधोमध दोन लाकडी घोड्यांवर अॅल्युमिनियमचे लांबट धड. तीन वर्षे रोज रात्री दोन तास आणि सुट्टीचा दिवसभर खपून त्याने एवढे काम उरकले होते.

वाचकांना वाटेल, घरी विमान बांधायला सरकार परवानगी कसे देते? अमेरिकेत ती आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेले असले पाहिजे, अशी तिथली अट आहे. काम पुरे झाल्यावर सरकारी तपासणी होते, आणि सुरुवातीला नेमून दिलेल्या टापूतच उडवून विमानाची परीक्षा घ्यावी लागते. या हौशी लोकांची संघटना पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीला काढली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिनमधल्याच ओश्कोश गावी भरतो. जुलैअखेरीस हजारो विमाने तिथे उतरतात आणि माणसे पंखाखाली तंबू ठोकून राहतात. आपल्या जत्रेत लोक गाडीखाली पथारी पसरतात, त्यातलीच ही तऱ्हा.

भाच्याच्या विमानाची जात 'आर. व्ही. ७ ए'. या जातीचे जनक रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन हे ओरेगॉन राज्यातल्या शेतकरी कुटुंबातले. घरच्या शेतात विमान उतरवायची छोटी धावपट्टी होती, आणि तेवढ्या जागेत उतरता येऊन हवेत मात्र वेगाने जाणारे विमान त्यांना हवे होते. दुसऱ्याने आखलेले एक विमान घेऊन त्याचे पंख बदलण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि १९७३ साली कंपनी काढली. या घराण्याची अकरा हजारांहून जास्त विमाने आजवर लोकांनी बांधून उडवली आहेत. सुटे भाग पेट्यांतून घरी येतात. आधी शेपूट, मग पंख, मग धड आणि शेवटी चाके, काचेचे छत, इंजिन टांगायची चौकट वगैरे सामान. पत्रे जुळवणे, भोके पाडणे, हजारो रिवेट ठोकणे हे सारे घेणाऱ्याने करायचे. हिशेब दीड-दोन हजार तासांचा!

आम्ही पोचलो त्याच आठवड्यात शेवटच्या पेट्या आल्या. पोलादी पाय, चाके, ब्रेक सगळे आले. इंजिन मात्र अजून घेतलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा मला एका बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, आबा परत जायच्या आत चाकं लावून टाकतो. एकदा विमान पायावर उभं राहिलेलं त्यांनी बघावं आणि आत बसावं. पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपेल असं वाटत नाही."

मी काय बोलणार? विषय चाकांचा राहिला नव्हता.

तरी सवयीप्रमाणे मी विचारले, चाके आत्ता लावण्यात तोटा काय? तो प्रामाणिक पोरगा. त्याने तोटे आपणहून सांगितले. धडाच्या पोटाकडचे काम बाकी होते. ब्रेकच्या नळ्या, रेडिओची एरियल, काही रिवेट राहिले होते. आज धड इतके हलके की चार माणसांनी धरले तर घोड्यांवर पालथे करता येते आणि उभ्याने, उजेडात काम होते. एकदा पाय लागले, पुढे इंजिन आले, की पालथे करणे संपले. मग जमिनीवर उताणे पडून, तोंडावर छिलके घेत तेच काम करायचे. आतले कामही तसेच. घोड्या बुटक्या असल्या तर काठ कमरेला लागतो आणि हात तळाशी पोचतो. पायांवर धड उंच जाते, मग दर वेळी स्टूल घ्या, चढा, उतरा. शिवाय पाय पोलादी असले तरी स्प्रिंगसारखे लवचीक असतात. आत चढले की सगळे डुलते, अशाने बारीक मापे घेता येत नाहीत.

आणि चाके आता बसवायची आणि विमान दोन वर्षांनी उडायचे, तर टायर एकाच जागी दबून उभे राहणार. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर ठोकळ्यांवर का चढवतात, हे आपल्याकडे कोण जाणत नाही? इंजिन त्याने एवढ्यासाठीच घेतले नव्हते. न चालवता ठेवलेल्या इंजिनाला आतून गंज धरतो आणि त्यात रक्कमही मोठी अडकून पडते. विहिरीला पाणी लागण्याआधी पंप घेऊन ठेवणारे शेतकरी मी नोकरीत कितीतरी पाहिले. पंपाचा रंग तेवढा ताजा राहतो.

मग लवकर चाके लावण्यात फायदा काहीच नाही का? आहे. चाकांवरचे धड एकटा माणूस ढकलू शकतो, झाडलोट करायला कोपऱ्यात सरकवू शकतो. पंख त्या खोलीत जोडता येत नाहीत, ते विमानतळावरच जोडायचे. तिथवर धड न्यायला चाके लागतातच. आणि एक फायदा मनाचा. तीन वर्षे नुसते पत्रे पाहून घरची माणसे कंटाळतात. चाके लागली की वस्तू विमानासारखी दिसते आणि माणसाला हुरूप येतो. पुष्कळ जण याच मोहाने घाई करतात, असे भाचा स्वतःच म्हणाला.

विमानाची जात कोणती, यावरही बरेच अवलंबून असते. काही विमानांना दोन मोठी चाके पुढे आणि एक छोटे चाक शेपटाखाली असते. 'आर. व्ही. ७' मध्ये तसे घेतले तर मोठ्या चाकांचे पाय इंजिनाच्या चौकटीतच बसतात, म्हणून आधी चौकट बसवायची. पण एकदा उभे केले की इंजिनावाचूनही ते शेपटावर निवांत बसून राहते, कारण बसणे हा त्याचा स्वभावच. भाच्याचे विमान 'ए' जातीचे. त्याचे एक चाक नाकाखाली आणि दोन मोठी चाके जरा मागे, धडाखाली. त्याचा तोल पुढे इंजिन धरूनच आखलेला असतो.

हे सारे बोलणे चालले असताना दाजी दारात कधी येऊन उभे राहिले ते आम्हाला कळले नाही. त्यांनी धडाभोवती एक फेरी मारली. पोटाखाली हात घालून मोठ्या चाकांची जागा चाचपली. तिथून नाकापर्यंत पावले मोजली, मग शेपटापर्यंत मोजली.

"पुढं काय येनार हितं?"

"इंजिन, आबा. सव्वाशे किलोच्या आसपास."

"आनि आज?"

"आज काही नाही."

"मग गाडी उलाळ व्हनार की रं! समदं वझं मागं."

भाचा म्हणाला, नाकाला दोरीने सिमेंटची पोती बांधीन. दाजींनी मान हलवली आणि विचारले, "आनि येखाद्या दिवशी झाडताना पोती सोडली तर?"

ओश्कोशच्या मेळाव्यात याचे उत्तर मिळाले. तिथे भाच्याच्या ओळखीचा एक पेन्शनर भेटला. त्यानेही नाकाखाली चाक असलेले विमान बांधले होते आणि इंजिनाआधीच पायांवर उभे केले होते. नाक फरशीला बांधलेले असे. एके दिवशी जागा पुसायला दोर सोडला, तो बांधायचा राहिला, आणि बुवा जिना लावून आत उतरले. सीटवर टेकतात तोच नाक वर आणि शेपूट खाली! मागे कामाचे टेबल होते, त्यावरच्या शिकंजाने शेपटाचा पत्रा फाडला. माणसाला खरचटलेसुद्धा नाही, पण शेपटाचे दोन भाग नव्याने करावे लागले आणि महिना गेला. तो हे हसत हसत सांगत होता. त्याची बायको मात्र हसत नव्हती.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दाजींनीच विचारले, आपल्याकडे असे कोणी करते का? मी त्यांना कॅप्टन अमोल यादव यांची हकिगत सांगितली. त्यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. दाजी म्हणाले, "गच्चीवर? उतरवलं कसं?" क्रेनने, असे सांगितल्यावर त्यांनी खुशीत मांडीवर थाप मारली.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला जवळ बोलावले. "तू माझ्यासाठी चाकं लावतूयास, व्हय ना? नगं. घोडीवरच बसव मला. चाकाचं मागनं बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही धडाखाली मागे एक जादा घोडी लावली. भाच्याने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून दाजींना आत बसवले. सीट नव्हती, गोधडीची घडी टाकली. फेटा काचेच्या छताला लागेल म्हणून त्यांनी तो काढून मांडीवर घेतला. छत तर अजून बसवायचे होते! पुढच्या मोकळ्या भोकांकडे बोट करून ते एकेक विचारत गेले. वेगाचा काटा कुठे, तेलाचा कुठे, असे. अर्धा तास बसले. बहीण दोनदा जेवायला बोलवून गेली.

चाके लागली २०१९ च्या सप्टेंबरात. पोटाकडचे काम संपले होते आणि इंजिन दारात आले होते. शनिवारी सकाळी चार मित्र बोलावून धड वर उचलले, मोठे पाय बोल्टने आवळले, नाकाची चौकट आणि तिच्यातला पुढचा पाय बसवला. शेपटाखाली टेकू तसाच ठेवला. रविवारी चेनकप्पीने इंजिन टांगले. मग फरशीवर खडूने रेघा मारून आणि ओळंबे सोडून दोन्ही चाके सरळ आहेत की नाहीत ते तपासले. चाक किंचित तिरके असले तरी टायर एका बाजूने झिजतो आणि धावताना विमान ओढ खाते. वजन आले की पाय थोडे फाकतात आणि चाकाचा कोन बदलतो. म्हणून शेवटचे माप सगळे वजन चढल्यावर पुन्हा घ्यायचे, असे भाच्याने लिहिले होते.

त्या रात्री, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी, त्याने फोन केला. मी दाजींकडेच होतो. ते गोठ्यात होते. मी फोन नेऊन हातात दिला. पलीकडून पोरगा भराभरा सांगत होता, फोटो पाठवतो म्हणत होता. दाजींनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "टेकू काढलास का?"

"काढला, आबा."

"आनि शेपूट?"

"वर आहे."

"बरं," दाजी म्हणाले, आणि फोन माझ्याकडे देऊन म्हशीला पेंड घालायला वळले.